घरंगळत्या गोळ्याचा धडा

गॅलिलिओ म्हटले की दुर्बीण आणि गुरूचे चंद्र आठवतात. पण शाळेत ‘त्वरण’ या ज्या शब्दापाशी मुले अडखळतात, तो समजण्याजोगा केला तोही त्यानेच. आणि हा माणूस मुळात डॉक्टर व्हायचा होता!

१५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे त्याचा जन्म झाला. वडील संगीतकार, कमाई बेताची. मुलाने पैसा देणारा पेशा धरावा म्हणून १५८१ मध्ये त्यांनी त्याला वैद्यक शिकायला घातले. गॅलिलिओ मात्र भूमितीत रमला आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे त्याच विद्यापीठात आणि १५९२ पासून अठरा वर्षे पादुआत तो गणित शिकवत होता. त्याच्या वर्गात वैद्यकाचे विद्यार्थीही असत.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हे अरिस्टॉटलचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. ते तपासावे कसे? पडणारी वस्तू क्षणात जमिनीवर येते आणि सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते. गॅलिलिओने पडणेच संथ केले. लांब लाकडी तुळईत गुळगुळीत पन्हळ कोरली, ती थोडी तिरपी ठेवली आणि तिच्यातून काशाचा गोळा सोडला. वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी गोळा करून ते तराजूत तोलले. दिसले ते असे: पहिल्या कालखंडात गोळा एक भाग अंतर जातो, तेवढ्याच दुसऱ्या कालखंडात तीन भाग, मग पाच, मग सात. म्हणजे समान वेळात वेग समान वाढतो. हेच एकसमान त्वरण.

हे त्यालाही एका झटक्यात उमगले नव्हते. १६०४ मध्ये तो समजत होता की वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. वेळेच्या प्रमाणात वाढतो, हे नंतर लक्षात आले. १६३३ मध्ये धर्मन्यायालयाने त्याला शिक्षा केली. पुढच्या वर्षी लाडकी लेक गेली. आर्चेत्रीच्या घरात नजरकैदेत असताना त्याने गतीवरचे पुस्तक पुरे केले. ते १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापले गेले. तोवर त्याची दृष्टी गेली होती. पुस्तक तीन मित्रांच्या गप्पांचे आहे. त्यातला एकजण नेमकी तीच जुनी चूक करतो आणि दुसरा सांगतो की लेखकही कधीकाळी असेच मानत होता. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओ वारला.

आपल्या वर्गात मात्र बहुधा आधी सूत्र येते आणि गोळा येतच नाही. मग वेग जास्त म्हणजे त्वरण जास्त, असे मुले धरून चालतात. सरळ रुळावरून ताशी १०० किलोमीटर या एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीचे त्वरण शून्य असते. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो, तेव्हाही त्याचे त्वरण ९.८ असतेच. एक फळी, एक गोटी आणि मोबाइलवरचे घड्याळ एवढ्यात हा प्रयोग होतो. अंतरे मुलांनीच मोजावीत, चुकीचे अंदाजही आधी फळ्यावर लिहावेत.

डॉक्टर म्हणून मला हा धडा महत्त्वाचा वाटतो, कारण दुचाकीच्या अपघातात मेंदूला इजा होते ती नुसत्या वेगाने नव्हे. वेग किती कमी वेळात शून्यावर येतो, यावर बरेच काही ठरते. हेल्मेटमधला फोमचा थर दबतो आणि डोक्याला थांबायला थोडे जास्त अंतर मिळते. हे अंतर तिप्पट झाले, तर डोक्यावरचे सरासरी त्वरण साधारण एक तृतीयांश होते. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदलावे. दबलेला थर दुसऱ्यांदा तेवढा कामी येत नाही. आणि पट्टा न लावता घातलेले हेल्मेट डोक्याआधीच निघून जाते. वर्गात गोटी घरंगळवून झाली की मुलांना हेही जरूर सांगावे.