खोतीपासून वारली पाड्यांपर्यंत : शामराव परुळेकर

व्हिएतनामच्या हो चि मिन्ह यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. भातशेती करणाऱ्या गरीब शेतकऱ्याला जागे करून त्यांनी एक साम्राज्य हादरवले, हेही आपण वाचलेले असते. पण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून गेलेल्या आणि आयुष्यभर भातशेतकऱ्यांत वावरलेल्या शामराव परुळेकरांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? हा लेख लिहावासा वाटला तो याच खंतीतून.

शामराव मूळचे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई कायदेमंडळात गेले. त्या वेळी कोकणच्या मानेवर खोतीचे जोखड होते. कुळाने नांगरायचे, लावणी करायची, आणि पीक हाती आले की अर्धेल नाही तर तिर्धेल खोताच्या अंगणात नेऊन टाकायचे. शिवाय वेठ वेगळीच. आमच्या घरातही कुळांच्या पिढ्या होऊन गेल्या, म्हणून ही गोष्ट मला केवळ इतिहासाची वाटत नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील आणि इतर जिल्ह्यांतील हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. त्या लढ्यात शामराव बाबासाहेबांच्या बरोबर होते. पण विधेयक कागदावरच राहिले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

मला वाटते, शामरावांच्या आयुष्याचे वळण येथेच आहे. सभागृहात कितीही चांगले भाषण केले, तरी कूळ स्वतः उभे राहिल्यावाचून कायदा हलत नाही, ही जाणीव त्यांना कम्युनिस्ट पक्षाकडे घेऊन गेली. १९३९ साली त्यांचा गोदावरी गोखले यांच्याशी विवाह झाला. पुढे युद्धविरोधी चळवळीत दोघांनीही तुरुंगवास भोगला. १९४२ च्या लढ्यापासून त्यांचा पक्ष दूर राहिला आणि महाराष्ट्राने ही गोष्ट पुष्कळ वर्षे मनात धरली, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

त्यांचे खरे कार्य १९४५ साली सुरू झाले. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे आलेल्या थोड्या वारल्यांनी आपली कहाणी सांगितली. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांना जमीनदाराकडे फुकट राबावे लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण बायकोसह सावकाराचा लग्नगडी होऊन बसे. मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी परिषद झाली आणि वेठ करायची नाही असे ठरले. थोड्याच महिन्यांत वेठबिगारी मोडून पडली.

मग प्रश्न आला मजुरीचा. या जंगलपट्ट्यातले गवत मुंबईच्या गुराढोरांसाठी जाई. पावसाळा सरला की ते ठरावीक दिवसांत कापावेच लागे. उशीर झाला की माल वाया. लढ्याची किल्ली नेमकी येथे होती. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळाल्याखेरीज विळा उचलायचा नाही, असा निर्धार वारल्यांनी केला. गवत रानात उभे राहिले आणि जमीनदार घाबरले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार वारली ठार झाले. तरीही संप मोडला नाही आणि मजुरी वाढवून द्यावी लागली. त्याआधी जेमतेम सव्वा महिन्यापूर्वी, २ सप्टेंबरला, हो चि मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्य घोषित केले होते. तिथे हाती बंदूक आली. इथे वारल्याने हातचा विळा खाली ठेवला. साधने वेगळी, पण मान वर करण्याची ओढ एकच.

पुढे सरकारने परुळेकर दांपत्याला त्या भागातून हद्दपार केले, तरी पाड्यांवरची संघटना टिकली. या उठावाची हकीकत शामरावांनी इंग्रजीत लिहून ठेवली. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६४ मध्ये पक्ष फुटला तेव्हा ते मार्क्सवादी पक्षात राहिले. त्यानंतर सरकारने त्यांना स्थानबद्ध केले आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी तुरुंगातच त्यांचा अंत झाला. लोकांनी खासदार म्हणून निवडून दिलेल्या माणसाला मृत्यू आला तो कैदी म्हणून.

१९७० साली गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक निघाले. त्यामुळे वारल्यांचा लढा मराठी घरांत पोहोचला. शामराव मात्र त्या पुस्तकाच्या सावलीत राहिले. त्यांची राजकीय मते सर्वांना पटतील असे नाही, पटावीत असा माझा आग्रहही नाही. पण कायदा माणसाला हक्क देतो आणि तो हक्क बजावण्याचे धैर्य संघटना देते, हे त्यांनी कोकणात शिकून ठाण्याच्या रानात सिद्ध केले. गुहागरच्या ज्या शेतांतून आपण आज निर्धास्त चालतो, त्या शेतांच्या सातबाऱ्यावर कुळाचे नाव चढले, त्यामागे अशा माणसांची आयुष्ये खर्ची पडली आहेत. एवढे ऋण तरी आपण ओळखायला हवे.