वीस रुपयांचा हिशेब

प्रजा सुखी आहे की नाही, हे कोणत्या मापाने ठरवावयाचे? एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकारी आगगाडीचे मैल आणि परदेशी व्यापाराचे आकडे पुढे करीत. या दाव्याला आकड्यांनीच उत्तर दिले ते दादाभाई नौरोजी यांनी.

१८२५ साली एका गरीब पारशी पुरोहिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाच्या चौथ्या वर्षी पितृछत्र हरपले. आई माणेकबाईंनी हालअपेष्टा सोसून त्यांना विनाशुल्क शाळेत शिकविले. पुढे ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले; तेथे हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. १८५५ मध्ये व्यापारानिमित्त ते विलायतेस गेले. पण हिशेबाची शिस्त सुटली नाही.

१८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी प्रांतवार लागवड, एकरी पीक आणि बाजारभाव यांवरून देशाचे उत्पन्न काढले. सुमारे ३४० कोटी रुपये आणि १७ कोटी लोक. म्हणजे दरडोई वर्षाला वीस रुपये. पण ते तेथेच थांबले नाहीत. जगावयास लागते किती, हेही त्यांनी पाहिले. परदेशी जाणाऱ्या मजुरांचा जहाजावरील शिधा आणि कैद्यांच्या अन्नवस्त्राचा खर्च, दोन्ही सरकारी कागदांतूनच घेतले. किमान गरज निघाली, १८६७-६८ च्या भावाने, प्रांतपरत्वे १६ ते ३५ रुपये. यात आजारपण वा लग्नकार्य धरलेले नव्हते. शिवाय सरासरीत धनिकही आले; तेव्हा गरिबाच्या वाट्यास वीसही येत नव्हते. तुरुंगात कैद्याला मिळते तेवढेही अनेक कष्टकऱ्यांना मिळत नाही, असा याचा अर्थ. १८८२ मध्ये सरकारने स्वतः अंदाज केला, तोही २७ रुपयांवर थांबला.

दादाभाई १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले, तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९१७ मध्ये निवर्तले. पुण्याच्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याचे मोजमाप केले, तेही याच वाटेने. १९९० पासून संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात आयुर्मान आणि शिक्षणही आले.

मापे सुधारली, तरी एक मोह कायम आहे. दरडोई उत्पन्न वाढल्याचे जाहीर होते, आणि आपण समाधान मानतो. ते कोणाचे वाढले आणि कोणत्या गरजेच्या तुलनेत, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून तो आकडा स्वीकारू नये, हाच दादाभाईंच्या हिशेबाचा धडा आहे.