वसईचे गोन्सालो, मनिलाचे बंधू

दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी आपण संत गोन्सालो गार्सिया यांचा सण साजरा करतो. वसईकरांना ते घरचेच आहेत. परंतु आपल्या मराठवाड्यातील, हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावच्या वाचकाला वसई हाच दूरचा मुलूख, आणि गोन्सालो यांची ओळख बहुधा एका वाक्यापुरती असते : जपानमध्ये क्रूसावर मरण पत्करलेले पहिले भारतीय संत. वाक्य खरे आहे. मात्र त्यात त्यांच्या आयुष्यातील एक मोठा टप्पा गळून जातो. ज्या प्रवासाचा शेवट नागासाकीच्या टेकडीवर झाला, त्या प्रवासाला ते वसईहून नव्हे तर मनिलाहून निघाले होते. मनिला हे त्यांनी स्वतः निवडलेले गाव होते. वसईतून निघताना ते कोवळे पोर होते, थोरांचे बोट धरून गेले. मनिलाला गेले ते कर्ते पुरुष म्हणून, पदरी पैसा आणि अनुभव असताना.

गोन्सालो यांचा जन्म इ.स. १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली होती, म्हणजे त्यांच्या जन्मापर्यंत तेथे पोर्तुगीज अंमलाला जेमतेम वीस-बावीस वर्षे झाली होती. वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई कोकणची. अशा संमिश्र घरातील मुलांची स्थिती त्या काळी अवघडच असे. राज्यकर्ते त्यांना पूर्णपणे आपले मानीत नसत आणि आईच्या गोतावळ्यातही त्यांना सहज जागा नसे. गोन्सालो यांना आधार मिळाला तो वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीयांच्या शाळेचा. फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांनी त्यांना शिकविले, घडविले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, साधारण १५७२ साली, ते येशूसंघीय मिशनऱ्यांसोबत जपानकडे निघाले. गोवा, मलाक्का, मकाव आणि मग जपान असा तो मार्ग. मोसमी वाऱ्यांची वाट पाहत बंदरोबंदरी महिनेच्या महिने काढावे लागत.

जपानमध्ये त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सुमारे आठ वर्षे सेवा केली. ह्या काळात त्यांनी एक गोष्ट कमावली, जी पुढे त्यांच्या आयुष्याला वळण देणार होती : जपानी भाषा. युरोपातून आलेले अनेक विद्वान धर्मगुरू ह्या भाषेपुढे हात टेकत, दुभाष्यावाचून त्यांचे पाऊल अडे. वसईचा हा तरुण मात्र बाजारात, झोपडीत आणि सरदारांच्या वाड्यात सारख्याच सहजतेने बोलू लागला. मूळची मनीषा येशूसंघात प्रवेश घेण्याची होती. ती पुरी झाली नाही. त्यांनी वाट पाहिली, पुन्हा विचारले, आणि अखेर निराश होऊन जपान सोडले. ज्यांनी कधी गुरुविद्यालयाच्या किंवा मठाच्या दारातून परत फिरलेली मुले पाहिली आहेत, त्यांना ह्या निराशेची खोली सांगावी लागणार नाही. काही जण त्यानंतर चर्चची पायरी चढत नाहीत.

गोन्सालो मकावला गेले आणि व्यापारी झाले. चीनचे रेशीम जपानला न्यावयाचे आणि जपानची चांदी चीनला आणावयाची, हा त्या समुद्रावरील सर्वांत किफायतशीर धंदा होता. त्यात जपानी बोलणाऱ्या माणसाला काय भाव असेल, हे उघड आहे. धंदा वाढला, जहाजांबरोबर ये-जा सुरू झाली आणि ह्याच ओघात त्यांची पावले मनिलाकडे वळली.

त्या काळचे मनिला कसे होते, हे थोडे पाहिले पाहिजे. १५२१ साली मॅगेलन ह्या बेटांवर पोहोचला आणि तेथेच मारला गेला. त्यानंतर १५६५ मध्ये लेगास्पी ह्या स्पॅनिश सेनानीने सेबू येथे तळ दिला आणि १५७१ साली मनिला ही राजधानी केली. राजा दुसरा फिलिप याच्या नावावरून बेटांना फिलिपाईन्स हे नाव पडले. १५८० साली हाच फिलिप पोर्तुगालच्या गादीचाही धनी झाला, त्यामुळे वसईत जन्मलेला गोन्सालो आणि मनिलाचा गव्हर्नर हे एकाच राजाचे प्रजाजन ठरले. तरी मकाव आणि मनिला यांच्यातील चढाओढ थांबली नाही. राजाने दोहोंमधील व्यापाराला मनाई केली आणि व्यापाऱ्यांनी तो चालूच ठेवला. मेक्सिकोतील आकापुल्को बंदराहून येणारी चांदी मनिलात उतरे आणि चिनी रेशीम घेऊन जहाज परत फिरे. तटाबाहेर चिन्यांचा पारियान हा बाजार होता, तर दिलाओ येथे जपान्यांची वस्ती.

अशा गावी कायमचे राहावयाचे की नाही, हा प्रश्न गोन्सालो यांच्यापुढे होता. कोकणच्या माणसाला तेथे परके वाटण्यासारखे फारसे नव्हते. भातशेती, नारळ, केळी, मासळी, पाऊसकाळ आणि कोरडा काळ अशी दोन पाठींवर वाटलेली वर्षे. नैर्ऋत्येचा पाऊस घेऊन येणाऱ्या वाऱ्याला तिकडे हबागात म्हणतात. घरे बांबूची आणि निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या झावळ्यांनी शाकारलेली. आपल्याकडील किनाऱ्यावरच्या झोपडीची ती सख्खी बहीण. खेड्याला बारांगाय म्हणत, आणि हा शब्द मूळचा होडीचा. एका होडीतून आलेली माणसे म्हणजे एक गाव. मराठी वाचकाला अधिक गंमत वाटेल ती तेथील तागालोग भाषेची. गुरूला गुरो, मुखाला मुखा, आशेला आसा, दीनदुबळ्याला दुखा, दैवी शक्तीला दिवाता. मलय भाषांच्या वाटेने संस्कृत शब्द शेकडो वर्षांपूर्वीच तेथे पोहोचले होते. गोन्सालो यांच्या कानांना ते ओळखीचे वाटले असतील, असे मानावयास हरकत नाही.

पण गाव सुखाचे होते असे समजू नये. भूकंप आणि प्रचंड चक्रीवादळे ही तेथील नित्याची संकटे आहेत. १५८३ साली दिवंगत गव्हर्नरच्या अंत्यविधीच्या मेणबत्त्यांनी लागलेल्या आगीत बांबू-लाकडाचे शहर जवळजवळ जळून गेले, तेव्हा कोठे दगडी बांधकामाला जोर आला. नोकरी, पैसा आणि हवापाणी पाहून परदेशाचा विचार करणारा कोणीही व्यापारी मनिलात चार पावसाळे काढून, गाठोडे बांधून परत मकावला गेला असता.

गोन्सालो राहिले, आणि ते व्यापारासाठी नव्हे. फ्रान्सिस्कन संघाचे बंधू १५७७-७८ च्या सुमारास तेथे पोहोचले होते. अनवाणी चालणारे, भिक्षेवर जगणारे हे लोक बेटांतील खेड्यांतून तागालोग शिकून धर्मशिक्षण देत. पुढे १५९३ साली मनिलात तागालोग भाषेतील ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले, त्याचा मजकूर हुआन दे प्लासेन्सिया ह्या फ्रान्सिस्कनांचा मानला जातो. ह्याच संघातील हुआन पोब्रे नावाच्या एका बंधूशी गोन्सालो यांची गाठ पडली. पोब्रे ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच गरीब. श्रीमंत व्यापारी आणि हा गरीब बंधू यांचे काय बोलणे झाले असेल ते असो. गोन्सालो यांनी आपली मालमत्ता सोडली आणि १५८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस्कन संघाचा झगा अंगावर चढविला. त्यांनी धर्मगुरुपद मागितले नाही. ते अखेरपर्यंत व्रतस्थ बंधूच राहिले. एका संघाने दार उघडले नाही म्हणून त्यांनी देवाचे दारच सोडले नाही, एवढे ह्यावरून दिसते. आणि ज्या भाषेने मकावमध्ये त्यांना पैसा दिला, ती भाषा त्यांनी आता संघाच्या स्वाधीन केली.

तिची गरज लवकरच पडली. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने मनिलाच्या गव्हर्नरला आपले मांडलिकत्व पत्करण्यास फर्माविले. १५९२ मध्ये गेलेले डोमिनिकन फादर हुआन कोबो परतताना फोर्मोसा बेटाजवळ मरण पावले. तेव्हा गव्हर्नर दासमारिन्यास याने १५९३ च्या मे महिन्यात दुसरे शिष्टमंडळ धाडले. प्रमुख फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता, सोबत आणखी दोघे जण आणि दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो. भेट झाली ती क्यूशू बेटावरील नागोया येथील छावणीत, जेथून हिदेयोशी कोरियावरील स्वारी चालवीत होता. (आजचे मोठे नागोया शहर निराळे.) ह्या भेटीत दुभाष्याची जागा ही सर्वांत धोक्याची जागा होती. राग आला की तो शब्द उच्चारणाऱ्यावर निघे, आणि शब्द सौम्य करून सांगावे तर दोन्हीकडे फसवणूक. शिष्टमंडळाने मैत्री देऊ केली, मांडलिकत्व दिले नाही. एवढा नाजूक निरोप गोन्सालो यांनी अशा रीतीने पोहोचविला की हिदेयोशी शांत झाला, आणि स्पेनच्या राजाचे उत्तर येईपर्यंत त्यांना जपानमध्ये राहण्याची परवानगी मिळाली.

क्योतोमध्ये जमीन मिळाली. तेथे १५९४ साली मठ आणि मंदिर उभे राहिले, आणि शेजारी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये. रस्त्यावर टाकलेल्या रोग्यांना उचलून आणावयाचे, त्यांच्या जखमा धुवावयाच्या, असे हे काम. गोन्सालो यांचा ह्या साऱ्यात मोठा वाटा होता, कारण रोग्यापासून राजदरबारापर्यंत सर्वांशी बोलणारे तेच.

येथे एक गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढलेला होता. येशूसंघीय तेव्हापासून गाजावाजा न करता काम करीत, आणि १५८५ च्या पोप महोदयांच्या आदेशानुसार जपानचे क्षेत्र त्यांच्याकडेच होते. फ्रान्सिस्कन मात्र संघाचा वेष घालून उघड उपदेश करू लागले. दोन्ही संघांत कटुता आली आणि कोणाचे चुकले हा वाद इतिहासकारांत अजून चालतो. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांनी वाढविलेल्या आणि मनिलात फ्रान्सिस्कन झालेल्या गोन्सालो यांना हा वाद किती जड गेला असेल, याची कल्पना करावी.

मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे हे जहाज ऑक्टोबर १५९६ मध्ये जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरील अमाप माल हिदेयोशीने जप्त केला, आणि मिशनरी हे स्पेनच्या सैन्याचे अग्रदूत आहेत हा संशय पक्का झाला. ८ डिसेंबरला क्योतो आणि ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले. ३ जानेवारी १५९७ रोजी बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि गाड्यांतून त्यांची धिंड काढली गेली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर त्यांना चालविले. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांना पकडून त्यांच्यातच घातले, तेव्हा संख्या २६ झाली : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत स्वयंपाकी होता, वैद्य होता, आणि लुईस इबाराकी हा अवघ्या बारा वर्षांचा मुलगा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. परंपरा सांगते की गोन्सालो यांना सर्वांत आधी क्रूसावर बांधले. दोन भाल्यांनी कुशी भेदून प्रत्येकाला मारण्यात आले. मृत्युसमयी ते चाळिशीचे होते. त्यांचे सोबती मार्सेलो दे रिबादेनेइरा ह्या मरणातून वाचले, आणि त्यांनी लिहिलेला इतिहास १६०१ मध्ये बार्सिलोनात छापला गेला. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली ह्या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले.

दरम्यान १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि किल्ल्यातील चर्चे ओस पडली. गोन्सालो यांच्या नावाचे मंदिर आज वसईतील गास गावी आहे. मनिलातील फ्रान्सिस्कनांचे सान फ्रान्सिस्को मंदिर १९४५ च्या लढाईत उद्ध्वस्त झाले; त्या जागी आता मापुआ विद्यापीठ आहे. दरम्यानच्या काळात मनिलाने आणखी एक माणूस नागासाकीला दिला होता. लोरेन्झो रुईझ हे बायका-मुलांचे प्रापंचिक १६३७ साली त्याच निशिझाका टेकडीवर छळ सोसून मरण पावले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १८ फेब्रुवारी १९८१ रोजी मनिलात त्यांना धन्यवादित घोषित केले आणि तेथून पुढे जपानला प्रयाण केले. २६ फेब्रुवारीला, बर्फ पडत असताना, ते नागासाकीत होते. त्या दिवशी ते निशिझाकावरील स्मारकापुढे उभे राहिले. १९६२ साली उभारलेल्या ह्या स्मारकावर २६ जणांच्या कांस्यमूर्ती एका ओळीत आहेत, आणि त्यांत वसईचे गोन्सालोही आहेत.