आर्थर क्रॉफर्ड : बाजार उभा राहिला, हिशेब राहिला

मुंबईकराच्या बोलण्यात क्रॉफर्ड हे नाव एका मंडईपुरते उरले आहे. या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले, तरी फळे, मसाले आणि सणासुदीच्या खरेदीसाठी निघालेला माणूस आजही सवयीने जुनेच नाव घेतो. ते ज्यांच्यावरून पडले, त्या आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांची कहाणी मात्र मंडईच्या कमानींइतकी ठाऊक नाही. मुंबईच्या नगरप्रशासनाची आजची चौकट समजून घ्यायची, तर या माणसाकडे वळावेच लागते.

क्रॉफर्ड यांचा जन्म १८३५ सालचा. तरुण वयातच ते कंपनी सरकारच्या मुलकी सेवेत दाखल झाले. त्याच सुमारास मुंबईचे रूप पालटत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी कोटाचे तट पाडायला घेतले. १८६४च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. माणसे वाढली, पण गटारे, रस्ते, बाजार आणि स्वच्छतेची व्यवस्था जुन्या, लहान गावाचीच राहिली. पटकीची साथ हा दरवर्षीचा पाहुणा होता.

तोवर शहराचा कारभार तीन आयुक्तांचे मंडळ पाहत असे. तिघांत जबाबदारी नेमकी कोणाची, हे कधीच ठरत नसे. म्हणून १८६५च्या कायद्याने एकच आयुक्त नेमून सर्व कार्यकारी अधिकार त्याच्या हाती दिले. खर्चाला मंजुरी देण्याचे काम सरकारनियुक्त जस्टिस ऑफ द पीस यांच्या सभेकडे आले. या नव्या पदावरचे पहिले आयुक्त होते तिशीतले क्रॉफर्ड.

त्यांनी कामाला हात घातला तो झपाट्याने. आरोग्य अधिकारी डॉ. हेवलेट यांच्या साथीने साफसफाईची घडी बसविण्यात आली. दाट वस्तीतील कत्तलखाने वांद्र्याला हलविण्यात आले. रस्ते रुंद झाले, नवे आखले गेले. विल्यम एमर्सन यांच्या आराखड्यानुसार १८६९मध्ये भव्य मंडई उभी राहिली. तिच्यावरील शिल्पपट्ट्या लॉकवूड किपलिंग यांच्या कल्पनेतून साकारल्या. भाजीपाला, फळे आणि मांस स्वच्छ जागी, छपराखाली विकले जावे, ही कल्पना त्या काळच्या मुंबईला नवी होती.

पण काळाची साथ क्रॉफर्ड यांना नव्हती. ते पदावर आले त्याच १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअर बाजाराच्या सट्ट्यात मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. शहराच्या गरजा भरभराटीच्या काळात वाढलेल्या आणि तिजोरी मंदीतली, असा हा पेच होता. क्रॉफर्ड यांनी हात आखडता घेतला नाही. मंजूर रकमेपेक्षा खर्च पुढे जात राहिला, कर्ज वाढले, घरपट्टी भरणाऱ्यांच्या डोक्यावरचा बोजा जड झाला. हिशेब तपासायला बसलेल्या जस्टिसांच्या सभेला खर्च झाल्यावरच जाग येई.

अखेर १८७१मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला. जेम्स फोर्ब्स यांच्या पुढाकाराने सभेत आयुक्तांच्या कारभारावर कोरडे ओढले गेले. नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे नेते एका व्यक्तीच्या हाती इतकी सत्ता असण्यालाच विरोध करीत होते. या गदारोळात विशी ओलांडून काहीच वर्षे झालेल्या फिरोजशहा मेहता यांनी वेगळा सूर लावला. क्रॉफर्ड यांच्या कामाचे मोल त्यांनी नाकारले नाही. त्यांच्या मते खरा दोष रचनेत होता. कार्यकारी अधिकार एकाच आयुक्ताकडे राहावेत, मात्र त्याच्यावर नजर ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

क्रॉफर्ड यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. त्यानंतरच्या १८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका स्थापन झाली. त्यातील निम्मे, म्हणजे ३२ सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. मताधिकार मूठभरांपुरताच होता, तरीही पैसा ज्यांचा, त्यांना त्याचा हिशेब विचारण्याचा अधिकार मुंबईत प्रथमच मिळाला.

क्रॉफर्ड यांचे पुढचे आयुष्य याच दोषाची गडद आवृत्ती ठरले. पुण्यात मध्य विभागाचे आयुक्त असताना, १८८८मध्ये त्यांच्यावर मामलेदारांकडून लाच घेतल्याचे आरोप झाले. चौकशी आयोगाने लाचखोरीतून त्यांना मुक्त केले, पण आपल्याच अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल सरकारने त्यांना सेवेतून दूर केले. अभय मिळेल या भरवशावर लाच दिल्याची कबुली देणारे काही मामलेदार मात्र नोकरीस मुकले. त्यांच्या बाजूने लोकमान्य टिळकांनी आवाज उठविला. क्रॉफर्ड मायदेशी परतले, लेखनात रमले आणि १९११मध्ये निवर्तले.

ज्या वर्षी हे प्रकरण गाजत होते, त्याच १८८८ साली मुंबई महापालिकेचा नवा कायदा झाला. वेळोवेळी दुरुस्त होत आलेल्या त्याच कायद्यावर महापालिका आजही चालते. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडावे आणि लोकनियुक्त सभागृहाने ते तपासून मंजूर करावे, ही त्यातील विभागणी क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीने शिकविलेल्या धड्यातूनच आली. शहराला वेगाने काम करणारा माणूस हवा असतो आणि त्याला वेळीच थांबवून हिशेब विचारणारेही हवे असतात. मुंबईला क्रॉफर्ड यांनी मंडई दिली ती जाणीवपूर्वक. हा धडा मात्र त्यांच्या हातून नकळत दिला गेला.