पाचगणीचा बलसारा

फ्रेडी मर्क्युरी कोण, हे हॉस्टेलवर सांगावं लागत नाही. कॉलेजची टीम जिंकली की स्पीकरवर त्याचं ते चॅम्पियनवालं गाणं लागतं, आणि हरली तरी कोणीतरी खवचटपणे तेच लावतं. बाकावर दोन थापा आणि एक टाळी हा 'क्वीन'चा ठेका तर गाणं माहीत नसलेल्या पब्लिकलाही येतो. पण हा गडी आपल्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर, पसरणी घाटाच्या वर, पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत तब्बल आठ वर्षं हॉस्टेलाइट होता, हे सांगितलं की निम्म्या लोकांना थाप वाटते. थाप नाही. म्हणून हा लेख.

फारोख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, गाव झांझिबार. म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं, लवंगांसाठी प्रसिद्ध असलेलं बेट, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. घराणं पारशी, मूळचं गुजरातेतल्या बलसारचं (आजचं वलसाड), त्यावरूनच आडनाव. वडील बोमी सरकारी कचेरीत कॅशियर, आई जेर, आणि सहा वर्षांनी धाकटी बहीण कश्मिरा. खाऊनपिऊन सुखी, धर्म पाळणारं घर. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी बोटीत बसवून हिंदुस्थानात पाठवलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये घातलं. आठव्या वर्षी! आपण अठराव्या वर्षी लातूर-जळगावहून पुण्याला येतो आणि पहिल्या महिन्यात मेसची भाजी बघून डोळ्यांत पाणी येतं. या पोराचं घर समुद्रापलीकडे होतं. छोट्या सुट्ट्या मुंबईच्या नातेवाइकांकडे काढायच्या, आणि बाकी सगळं वर्ष टेबललँडचा वारा आणि डॉर्मिटरी.

त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते. मागच्या दाटीमुळे पुढचे दात बाहेर आलेले. बोर्डिंगची पोरं अशा गोष्टीवर गप्प बसतात होय? नाव पडलं 'बकी'. आयुष्यभर तो हसताना तोंडावर हात नेत राहिला. पुढे पैसा आला तेव्हा दात नीट करून घेणं अवघड नव्हतं, पण आवाज बदलेल या धास्तीने त्याने ते कधीच केलं नाही. 'फ्रेडी' हे नावसुद्धा शाळेतच पडलं, आणि ते मात्र त्याला आवडलं. घरच्यांनीही मग तेच घेतलं.

शाळेत तो टेबल टेनिस झकास खेळायचा, बॉक्सिंगही करायचा, चित्रं काढायचा. पण खरी गंमत पियानोची. शिकवणी लागली, चार ग्रेड पास झाला, आणि रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तसंच्या तसं वाजवून दाखवण्याची सवय लागली. मग पाच जणांनी मिळून बँड काढला, नाव 'द हेक्टिक्स'. तेव्हा क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची चलती होती, ही पोरं शाळेच्या कार्यक्रमांत तेच वाजवायची. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण गॅदरिंगच्या ऑडिशनमध्ये नापास झालेल्यांना ती उपयोगी पडेल: त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. गायक ब्रूस मरे. फ्रेडी मागे पियानोवर. बाकीचे तिघे म्हणजे डेरिक ब्रांच, व्हिक्टरी राणा आणि फरंग इराणी. ब्रांच पुढे इंग्लंडात नट झाला. राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. आणि फरंग इराणींनी आपल्या पुण्यात येऊन सिझलरचं हॉटेल चालवलं. तिथे सिझलर चापणाऱ्या किती पुणेकरांना माहीत असेल, की गल्ल्यावरच्या मालकाने एकेकाळी कोणाबरोबर बँड केला होता?

१९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला, आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता गेली, अरब आणि हिंदी लोकांवर हल्ले झाले, हजारो माणसं मेली. बलसारा कुटुंब सामान गुंडाळून इंग्लंडला पळालं. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम म्हणून उपनगर आहे, हीथ्रो विमानतळाच्या पोटात, तिथे छोट्या घरात संसार नव्याने मांडला. फ्रेडीने विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं, ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून ग्राफिक्सचा डिप्लोमा घेतला, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. त्या काळात इंग्लंडात तपकिरी कातडीच्या माणसाला काय ऐकावं लागायचं ते वेगळं सांगायला नको. नंतरच्या आयुष्यात पाचगणी, मुंबई, झांझिबार या विषयांवर तो फारसं बोललाच नाही. मुलाखतीत विषय निघाला की बगल द्यायचा. काहींना हे आवडत नाही, आपली मुळं लपवली म्हणतात. मला विचाराल तर दोनदा मुळासकट उपटलेल्या माणसाला हा प्रश्न विचारताना जरा जपून विचारावा.

आता 'क्वीन'. १९७० मध्ये बँड झाला आणि बलसाराचा मर्क्युरी झाला. पण बाकी तिघे कोण होते बघा, इंजिनिअरिंगवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी यादी आहे. गिटारवाला ब्रायन मे इंपिरियल कॉलेजचा फिजिक्सवाला. त्याची गिटार त्याने आणि वडिलांनी घरीच बनवली, मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. १९७४ मध्ये अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली (गाईडच्या केबिनबाहेर ताटकळणाऱ्यांनी धीर धरावा). ड्रमवाला रॉजर टेलर डेंटिस्ट्री सोडून बायॉलॉजीकडे गेलेला. आणि १९७१ मध्ये आलेला बेसवाला जॉन डीकन तर चक्क इलेक्ट्रॉनिक्सचा फर्स्ट क्लास. त्याला रस्त्यावरच्या भंगारात एक सर्किट बोर्ड सापडला, तो त्याने छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी लावली आणि अँप्लिफायर तयार! क्वीनच्या रेकॉर्डवर अख्खा गिटारचा ऑर्केस्ट्रा वाटणारा जो आवाज येतो, त्यातला बराचसा या भंगारातल्या डब्यातून निघालेला आहे. मिनी प्रोजेक्ट रेडिमेड विकत घेणाऱ्यांनी वाचून पुढे जावं.

बँडचं बोधचिन्ह फ्रेडीने स्वतः काढलं. चौघांच्या राशी घेतल्या: दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीसाठी दोन पऱ्या, आणि वर फिनिक्स. आर्ट कॉलेजची फी वसूल.

१९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं म्हणजे तेव्हाच्या तंत्रज्ञानाचा जीव काढणं होतं. कॉम्प्युटर नाही, टेपवर फक्त चोवीस ट्रॅक. तीन माणसांनी शंभर माणसांचा कोरस उभा करायचा, तर गायचं, ते सगळे ट्रॅक एकत्र करून दोन ट्रॅकवर उतरवायचे, रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. असं इतक्या वेळा केलं की टेपवरचा लेप झिजला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागलं. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब रेडिओवर चालणार नाही असं कंपनीचं म्हणणं. ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे एक नंबरवर राहिलं.

१९८१ मध्ये 'ग्रेटेस्ट हिट्स' नावाचा संग्रह निघाला. सतरा गाणी. इंग्लंडच्या इतिहासात सर्वात जास्त खपलेला अल्बम तो हाच, बीटल्सही मागे. २०२२ मध्ये त्याने तिथे सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला, जो आधी कोणीच गाठला नव्हता. या सतरातली दहा गाणी एकट्या फ्रेडीने लिहिलेली. पाच मेची, दोन डीकनची. म्हणजे पोरगा नुसता गात नव्हता.

मग ज्याने सतरातली दहा लिहिली, तो एकटा निघाला तर काय होईल? इथे कथा इंटरेस्टिंग होते, कारण उत्तर आपण समजतो ते नाही. १९८४ मध्ये फ्रिट्झ लांगचा १९२७ चा जुना मूकपट 'मेट्रोपोलिस' जॉर्जिओ मोरोडरने नव्या संगीतासह काढला, त्यात फ्रेडीचं पहिलं मोठं सोलो गाणं, 'लव्ह किल्स'. पाठोपाठ एप्रिल १९८५ मध्ये 'मिस्टर बॅड गाय' हा पूर्ण अल्बम, म्युनिकमध्ये रेकॉर्ड केलेला आणि कोणाला अर्पण? घरच्या मांजरांना. इंग्लंडात तो सहाव्या नंबरपर्यंत गेला, पण अमेरिकेने ढुंकून पाहिलं नाही. ऐकून बघा. गळा तोच आहे, चाली चांगल्या आहेत, पण समोरून कोणी नाही म्हणणारा नाही. क्वीनमध्ये चौघे एकमेकांशी कडाकडा भांडायचे, आणि गाणं त्या भांडणातून तावून सुलाखून निघायचं. म्युनिकमध्ये पैसे तो देत होता, वादक त्याचं ऐकत होते. माझ्या मते तिथेच घोळ झाला. त्याच वर्षी १३ जुलैला लाइव्ह एड. वेम्ब्ली स्टेडियमवर बहात्तर हजार लोक, टीव्हीवर जगभरचे कोट्यवधी, क्वीनला वीसएक मिनिटं. आदल्याच वर्षी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम केल्याबद्दल या बँडने भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या, आणि त्या योग्यच होत्या. त्या संध्याकाळी पांढऱ्या बनियनमधला हा माणूस अर्धा तुटका माइकचा दांडा घेऊन आला आणि अख्खं स्टेडियम त्याच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवू लागलं. सोलोचं खातं आणि बँडचं खातं, दोन्हीचा निकाल तीन महिन्यांच्या आत लागला होता.

पण एकट्याने त्याने एक असं काम केलं, जे क्वीनमध्ये झालं नसतं. त्याला ऑपेराचं वेड होतं, आणि मॉन्सेरात काबाये ही स्पॅनिश गायिका म्हणजे त्याचं दैवत. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या हॉटेलात दोघांची भेट झाली तेव्हा जगभर स्टेडियमं भरवणारा हा माणूस पहिल्या वर्षाच्या पोराने व्हायवाला जावं तसा घाबरला होता. एका गाण्याचं बोलणं व्हायचं ते अख्ख्या अल्बमवर गेलं. बाईंचे कार्यक्रम वर्षानुवर्षं आधी ठरलेले, त्यामुळे फ्रेडी माइक मोरनबरोबर गाणी बांधायचा, बाईंच्या जागासुद्धा वरच्या पट्टीत स्वतःच गाऊन टेप पाठवायचा, आणि त्या सवडीने आपला भाग गायच्या. सवाई गंधर्वच्या मंडपात एखाद्या रॉकवाल्याने खानदानी गायिकेबरोबर बैठक मारावी, असा हा प्रकार. नाकं दोन्हीकडची मुरडली. पण 'बार्सिलोना' आज ऐकताना मला त्याचं सोलो काम म्हणजे हेच वाटतं. बाकीचं सोडलं तरी चालेल.

त्याच १९८७ च्या वसंतात त्याला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. तेव्हा यावर धड औषध नव्हतं. ८ ऑक्टोबर १९८८ ला बार्सिलोनात काबायेंबरोबर तो गाण्याच्या कार्यक्रमासाठी शेवटचा मंचावर उभा राहिला. त्या रात्रीही गाणं टेपवर होतं आणि तो फक्त ओठ हलवत होता. मग दारं बंद. पुरुषांशी असलेले संबंध त्याने कधी जाहीर केले नाहीत, आजारही नाही. वर्तमानपत्रवाले घराबाहेर कॅमेरे लावून बसायचे. आत जिम हटन हा जोडीदार, जुनी मैत्रीण मेरी ऑस्टिन, मोजके मित्र आणि मांजरं. बँडला खरं सांगितल्यावर त्याने एकच मागितलं, काम. चालवत नव्हतं तरी तो स्टुडिओत उभा राहून गायचा आणि जमेल तेवढं रेकॉर्ड करून ठेवायचा. त्यातलं काही १९९१ च्या 'इन्युएंडो'त आलं, उरलेलं त्याच्यामागे १९९५ मध्ये.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आपल्याला एड्स असल्याचं निवेदन काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय पंचेचाळीस. लवकर बोलला असता तर आणखी लोकांना धीर आला असता, असं तेव्हाही अनेकांनी म्हटलं आणि त्यात तथ्य आहे. पण आपल्या राज्यात नव्वदच्या दशकात अशा रुग्णांना घरातून आणि गावातून कसं काढलं जायचं, हे आठवलं की तो गप्प का राहिला ते कळतं. अंत्यसंस्कार लंडनमध्ये पारशी पद्धतीने झाले, अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून. अस्थी कुठे आहेत ते मेरीशिवाय बाहेर कोणाला माहीत नाही.

पुढच्या नोव्हेंबरात, १९९२ ला, त्याच्या एकट्याच्या कामाचा निवडक संग्रह निघाला, 'द फ्रेडी मर्क्युरी अल्बम'. काही गाणी नव्याने रिमिक्स करून घातलेली. 'मिस्टर बॅड गाय'मधलं एक गाणं होतं, एकटेपणावरचं, 'लिव्हिंग ऑन माय ओन'. १९८५ मध्ये ते पन्नासाव्या नंबरवर अडकून पडलं होतं. १९९३ मध्ये त्याचं डान्स रिमिक्स आलं आणि ते थेट एक नंबरला गेलं. इंग्लंडात सोलो गायक म्हणून त्याचा एकमेव एक नंबर, आणि तो बघायला तो नव्हता.

आवाजाचं काय होतं नक्की? २०१६ मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी त्याच्या रेकॉर्डिंगांचं सिग्नल ॲनालिसिस केलं (फूरियर शिकताना याचा काय उपयोग म्हणणाऱ्यांनो, हा घ्या). त्याचा स्वर सेकंदाला सुमारे सात वेळा थरथरतो, इतर गायकांत तो वेग सहसा याहून कमी असतो. बोलण्याचा आवाज खालच्या पट्टीतला, गाणं मात्र वरच्या. चार सप्तकांची जी दंतकथा सांगतात, ती त्यांना सिद्ध करता आली नाही.

त्याच वर्षी फेल्टमच्या त्या छोट्या घरावर निळी पाटी लागली. बहीण कश्मिरा आणि ब्रायन मे दोघे हजर होते. पाटीवर फ्रेडी मर्क्युरीच्या खाली कंसात लिहिलंय: फ्रेड बलसारा.