डॉ. कार्ल लँडस्टायनर

एकाचें रक्त दुसऱ्याच्या अंगांत घालून त्यास वांचवावें, हा विचार फार जुना आहे. परंतु पूर्वी तसें केलें असतां एखादा रोगी वांचे, तर दुसरा तत्काळ मरे. ह्याचें कारण ज्यांनीं शोधून काढलें, त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

डॉ. लँडस्टायनर ह्यांचा जन्म ता. १४ जून १८६८ रोजीं ऑस्ट्रिया देशांत एका यहूदी कुटुंबांत झाला. त्यांच्या बालपणींच वडील वारले व आईनें त्यांचें संगोपन केलें. १८९० सालीं त्यांनीं रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला आणि १८९१ सालीं व्हिएन्ना येथें वैद्यकाची पदवी मिळविली.

पुढें त्यांनीं स्वतःचें व सहकाऱ्यांचें रक्त घेऊन, एकाच्या रक्तांतील निवळ भाग दुसऱ्याच्या रक्तांतील तांबड्या कणांशीं मिसळून पाहिला. कांहीं मिश्रणें होतीं तशींच राहिलीं. कांहींत कणांचे पुंजके झाले. हा रोगाचा परिणाम नव्हे, निरोगी माणसांच्या रक्तांतच असा भेद आहे, हें त्यांनीं ओळखलें. १९०१ सालीं त्यांनीं रक्ताचे तीन गट प्रसिद्ध केले. चौथा १९०२ सालीं त्यांच्या सहकाऱ्यांस सांपडला. त्यांस आज ए, बी, ओ व एबी म्हणतात. न जुळणारें रक्त अंगांत गेलें म्हणजे शरीर त्या कणांस शत्रु समजून त्यांचा नाश करूं लागतें, आणि त्यांतच रोगी दगावतो.

महायुद्धानंतर ते १९१९ सालीं हॉलंडास व तेथून न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत गेले. १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९४० सालीं त्यांनीं डॉ. वीनर ह्यांजबरोबर ऱ्हीसस नांवाचा आणखी एक रक्तभेद प्रसिद्ध केला. जून १९४३ मध्यें प्रयोगशाळेंत काम करीत असतांच त्यांस हृदयविकाराचा झटका आला व ता. २६ रोजीं ते निवर्तले. आज एकाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसवावयाचें झाल्यास डॉक्टर आधीं रक्तगटच पाहतात.

वाचकहो, सख्ख्या भावाचें रक्त न जुळतां परक्याचें जुळावें, असेंही घडतें. चारही गट सर्व जातींत आहेत. रक्त जात जाणत नाहीं. सर्व राष्ट्रें देवानें एकापासूनच निर्माण केलीं, हें पौलानें अथेनैकरांस शिकविलें होतें. तरी आमच्या खेड्यांत रक्त देण्याची वेळ येतांच कोणी भिऊन मागें सरतो, कोणी देणाऱ्याची जात विचारतो. ज्याच्या रक्तानें आपण तारण पावलों, त्याच्या शिष्यांनीं तरी अशा वेळीं प्रथम पुढें व्हावें.