हार्वे हबेल: आपल्याला प्लग देणारा माणूस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अनेक घरांत वीज होती ती फक्त दिव्यांपुरती. टेबलफॅन लावायचा तर त्याच्या वायरी थेट विजेच्या वायरींना जोडाव्या लागत. हात चुकला की शॉक, नाहीतर शॉर्टसर्किट!

हे बदललं हार्वे हबेल यांनी. जन्म 1857 चा. 1888 मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टमध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. 1896 मध्ये त्यांनी साखळी ओढून दिवा लावायच्या होल्डरचं पेटंट मिळवलं.

पण खरी कमाल 1904 च्या पेटंटची. हा प्लग दोन तुकड्यांचा होता. एक तुकडा बल्बसारखा फिरवून दिव्याच्या होल्डरमध्ये बसवायचा आणि पिनांचा दुसरा तुकडा त्यात खोचायचा. वायरिंग बदलायची गरज नाही आणि विजेतलं काही कळत नसलं तरी चालेल!

पुढे हबेल यांनी सपाट, समांतर पात्यांचा प्लग आणला. इतर कंपन्यांनीही तोच नमुना उचलला आणि 1915 पर्यंत तो सगळीकडे पसरला. 1927 मध्ये हबेल यांचं निधन झालं.

आज इलेक्ट्रिक कारच्या सीसीएस-2 सॉकेटमध्येही असाच विचार दिसतो. वरच्या भागात आधीपासूनचा टाइप-2 एसी प्लग बसतो, तर फास्ट चार्जिंगसाठी खाली दोन मोठ्या डीसी पिना जोडल्या आहेत. नवं आलं, तरी जुना प्लग चालतोच.